सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनाघराच्या) यूथ ग्रुपला मुलीला पाठवावं का?

ठाणेकर_आई: आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मुलगी नववीत, वर्गात एकटीच ज्यू. शनिवारी क्लास असतो म्हणून शब्बाथ (आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस) तसाही बुडतोच, आता रविवारी सिनेगॉगच्या ग्रुपला जा म्हटलं की तोंड वाकडं, "तिथे काय मिळतं?" म्हणते. जबरदस्ती करू का?

कोकणी_बेने: जबरदस्ती नको, पण सोडूही नका. भारतात आपण उरलो जेमतेम चार-पाच हजार, १९४८ नंतर बहुतेक सगळे इस्रायलला गेले, मग या वयात आपल्यातले मित्र भेटणार कुठे? आमच्या ग्रुपमध्ये मलिद्याचं (आपल्या प्रार्थनेच्या प्रसादाचं) ताट पोरंच लावायची, पोहे भिजवा, गूळ-खोबरं कालवा, केळी कापा, आणि एलियाहू हन्नाबी (एलियाहू प्रेषिताचं गाणं) म्हणताना कोण सुरात नाही यावरून भांडणं 😂 हिब्रू घरी कधीच आली नसती, तिथे आली.

स्पष्टवक्ता: खरं सांगू का, काही ग्रुप म्हणजे नुसते सामोसे नि फोटो. पोरांच्या हातात काम द्या, हनुक्काचा (दिव्यांच्या सणाचा) कार्यक्रम त्यांनाच करू द्या. आणि मुलींना मिन्यानमध्ये (प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत) धरत नाहीत ना, मग ग्रुपमध्ये तरी पुढे येऊ द्या, तेही नसेल तर ती कंटाळणारच!

लोदवाली_मावशी: अगं, आधी तिच्या वयाच्या किती मुली येतात ते बघ. मैत्रीण मिळाली की तीच म्हणेल आई लवकर निघ. दहावीचं टेन्शन सुरू व्हायच्या आधीच पाठव 🙂