मोजता येते तेवढेच विपणन? मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाविषयी

रुजुवात (धागालेखक)

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा ओघ गेल्या काही वर्षांत एकाच दिशेने वळला आहे. जिच्यावर क्लिक होऊन लगेच खरेदी झाल्याचे आकड्यांत दाखवता येते, त्या जाहिरातीला पैसे सहज मंजूर होतात. जिचे फळ दोन-तीन वर्षांनी हाती येते, त्या ब्रँडच्या जाहिरातीला मात्र प्रत्येक तिमाहीत आपली गरज पटवून द्यावी लागते. माझ्या मते ही चूक अंदाजपत्रकापुरती नाही, ती स्पर्धेच्या धोरणातली चूक आहे. कारण आज खरेदीला निघालेला ग्राहक टिपण्यात गुंतलेली कंपनी उद्याच्या ग्राहकाच्या मनातली जागा प्रतिस्पर्ध्याला मोकळी करून देते.

आदिदासच्या माध्यम विभागाच्या प्रमुखाने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले की कंपनीचा सुमारे ७७ टक्के जाहिरातखर्च तत्काळ विक्रीसाठीच्या जाहिरातींवर आणि केवळ २३ टक्के ब्रँडवर होत होता. खरेदीचे श्रेय शेवटच्या क्लिकला देण्याची पद्धत असल्यामुळे त्याआधी ग्राहकाच्या मनावर जे काही बिंबले होते, ते हिशेबात येतच नव्हते. नायकेची कथाही फार वेगळी नाही. २०१७ पासून तिने थेट विक्रीवर भर दिला, अनेक दुकानदारांशी संबंध तोडले किंवा कमी केले, आणि त्या रिकाम्या फळ्यांवर होका आणि ऑन या प्रतिस्पर्धी ब्रँडांचे बूट आले. जून २०२४ मध्ये विक्री घटण्याचा अंदाज तिने जाहीर केल्यावर तिचा शेअर एका दिवसात सुमारे २० टक्क्यांनी कोसळला.

तळटीप

या मांडणीशी मी सहमत नाही. नायकेच्या उदाहरणात आपण दुकानदार, उत्पादन आणि जाहिरात या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. त्या काळात कंपनी जुन्याच लोकप्रिय बुटांच्या नव्या रंगसंगती विकत राहिली आणि धावपटूंसाठीच्या नव्या बुटांत मागे पडली. उत्पादन शिळे झाले असेल तर ब्रँडवर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो.

दुसरे असे की 'फळ काही वर्षांनी मिळेल' या वाक्याचा आधार घेऊन विपणन विभागांनी दशकानुदशके अपयशी मोहिमा झाकल्या आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ मध्ये एकाच तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलरहून अधिक खर्च कमी केला आणि विक्रीवर त्याचा ठळक परिणाम झाला नाही. वायफळ खर्च सापडला तो हिशेब मागितल्यामुळेच. जो खर्च मोजमापाला तयार नाही, त्याला भागधारकांचे पैसे का द्यावेत?

रुजुवात

हिशेबाला माझा विरोध नाही. चुकीच्या हिशेबाला आहे. आपल्याच उदाहरणात वाया गेलेला खर्च डिजिटल जाहिरातींवरचा होता, म्हणजे ज्या माध्यमाचे सगळे मोजता येते असे सांगितले जाते, त्यावरचा! ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१२ च्या सुमारास गूगलसारख्या शोधयंत्रांवर कंपनीच्या नावासाठी दिल्या जाणाऱ्या जाहिराती काही ठिकाणी थांबवून पाहिल्या. ते नाव शोधणारे जवळजवळ सगळे लोक तरीही ईबेवर पोहोचले, फक्त जाहिरातीऐवजी खालच्या फुकटच्या दुव्यावरून. तोपर्यंत त्या क्लिकांचे श्रेय जाहिरातीला मिळत होते. ग्राहक ईबे हेच नाव का शोधत होता, हा प्रश्न त्या आकड्यांनी कधी विचारलाच नव्हता.

तळटीप

पण तो भ्रम मोडला कशाने? प्रयोगाने, म्हणजे अधिक कडक मोजमापाने. ईबेचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

कानोसा

दोघेही एक गोष्ट सोडून देत आहात. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांचा बराचसा जाहिरातखर्च परस्परांना निष्प्रभ करण्यातच जातो. अमेरिकेत जानेवारी १९७१ मध्ये दूरचित्रवाणी आणि रेडिओवरील सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा सिगारेट कंपन्यांचा जाहिरातखर्च कमी झाला, पण त्यांचे नफे कोसळले नाहीत. कोणा एकीला थांबणे परवडत नव्हते. कायद्याने सगळ्यांना एकदम थांबवले.

रुजुवात

त्या बंदीचा दुसरा परिणाम म्हणजे नव्याने येणाऱ्यासाठी दार जवळपास बंद झाले आणि जुन्या नावांची जागा पक्की झाली. वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनी मनात घर केलेले नाव हीच त्यांची तटबंदी होती.

जमाखर्च

या वादाचे मूळ हिशेबशास्त्रात आहे असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही आणि जाहिरातीचा खर्च झाला त्याच काळात नफ्यातून वजा होतो. कारखान्याचा खर्च मात्र अनेक वर्षांच्या घसाऱ्यात, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणाऱ्या मूल्यात, विभागला जातो. साहजिकच नफ्याचे लक्ष्य हुकण्याची भीती असलेल्या अधिकाऱ्याला ब्रँडचा खर्च कापणे सर्वांत सोपे जाते. नफा त्याच तिमाहीत वाढतो आणि झालेली झीज कोणत्याच रकान्यात उमटत नाही.

ब्रँड विलीनीकरणातून आलेला असेल तर त्याची किंमत ताळेबंदात येते, आणि तेव्हाच झीज दिसते. काटेकोर खर्चकपातीसाठी ओळखल्या जाणाऱ्या क्राफ्ट हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये क्राफ्ट आणि ऑस्कर मायर या ब्रँडांसह मालमत्तेचे मूल्य १५.४ अब्ज डॉलरने घटवले. ग्राहकांची आवड बदलणे हेही त्याचे कारण होतेच, पण कपातीच्या वर्षांत नफ्याचे जे प्रमाण वाखाणले जात होते, त्यातला काही भाग ब्रँडच्या भांडवलातून उचललेला होता, असे माझे मत आहे.

तळटीप

लेखामानकांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय मान्य होणार नाही. जाहिरातीला मालमत्ता मानले तर प्रत्येक फसलेली मोहीम ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवेल. त्यापेक्षा काही प्रदेशांत ब्रँडची जाहिरात चालू ठेवावी, तशाच काही प्रदेशांत थांबवावी आणि विक्रीतला फरक पाहावा.

रुजुवात

या प्रयोगाला माझी पूर्ण संमती आहे. अट एकच, तो किमान दोन वर्षे चालला पाहिजे, आणि त्यात विक्रीबरोबरच सवलत न देता माल किती खपला हेही नोंदले पाहिजे, कारण ब्रँडची झीज विक्रीच्या आधी बहुधा किमतीत दिसते. तिमाहीपुरता प्रयोग करणाऱ्याने निकाल आधीच ठरवलेला असतो.