साडेनऊ लाखांचा रौप्यमहोत्सव, कोठीत मात्र उधारीचं तेल

बालाघाट
ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमच्या भागात एक वसतिगृह चालतं. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. तोवर 62 पोरं आमच्याकडे. मी अकरा वर्षं तिथल्या किराण्याचा हिशेब बघतो. यंदा संस्थेला 25 वर्षं होतायत. परवाच्या बैठकीत खर्चाचा कागद फिरला : लॉन, मांडव, एलईडी पडदा, ड्रोनवालं शूटिंग, ढोल-ताशा पथक, 150 शाली, तितकीच सन्मानचिन्हं, जेवण. एकूण 9 लाख 40 हजार. आमचा महिन्याचा किराणा 1 लाख 10 हजारांत भागतो, म्हणजे साडेआठ महिने पोरं जेवतील एवढा पैसा. गेल्या महिन्यात तेलाचे डबे वाण्याकडून उधारीवर आणलेत. "शाली तरी गाळा" एवढंच म्हणालो, तर अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही कोठीतून बाहेर बघतच नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

समाजकार्यात हा थाट मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस
अध्यक्षांचं बोलणं तिरकस आहे, पण चूक नाही. मी संस्थांसाठी निधी जमवतो, पंधरा वर्षं झाली. किराण्यासाठी मागून बघा. पहिल्या वर्षी दोन पोती गहू येतात, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. चार लोकांत नाव घेतलं की माणसाचा हात सुटतो. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरही देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं, तिथे वसतिगृहाचं काय घेऊन बसलात?

पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही पाणी अडवायची गावोगावची स्पर्धा आठवा. चर खणणं हे काही हौसेने करायचं काम नाही. पण 8 एप्रिल ते 22 मे अशी 45 दिवसांची स्पर्धा लावली आणि गावंच्या गावं ऐन उन्हाळ्यात कुदळ घेऊन शिवारात उतरली. 2018 ला माण तालुक्यातल्या टाकेवाडीला 75 लाखांचं पहिलं बक्षीस मिळालं, तेही बालेवाडीच्या दणदणीत सोहळ्यात. तो झगमगाट कुणी पाहिलाच नसता तर शेजारच्या गावाला चेव आला असता का?

मीठभाकर
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे आधी घाम, मग टाळ्या. आणि टाळ्या कुणाला, तर चर खणणाऱ्याला. या 150 शालींपैकी किती शाली स्वयंपाकाच्या मावशींच्या खांद्यावर पडणार आहेत, ते बालाघाट यांनी बैठकीत विचारावंच.

आणि गर्दीला पैसाच लागतो असंही नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाला अख्खी गावं लोटायची. त्याआधी बाबांनी तोच गाव खराट्याने झाडलेला असायचा. एवढाच काय तो खर्च.

हिशेबनीस
बाबा 1956 ला गेले. तसं माणूस पुन्हा मिळालं नाही, म्हणून लॉन बुक करावं लागतं! आणि त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या त्याही लोकांच्या देणग्यांवरच ना?

मीठभाकर
देणग्या घेतल्या. शाली वाटत बसले नाहीत.

ताळेबंद
भावनेचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो. "कार्यक्रम दणक्यात केला की कंपन्यांचा सीएसआर येईल" असं बैठकीत कुणीतरी म्हणालं असणार, म्हणतातच. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायचा पैसा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 18 जून 2014 च्या परिपत्रकात साफ लिहिलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असा एकवेळचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही; 2021 च्या नियमांतही आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलेलं नाही. म्हणजे मांडवाचा पैसा कंपनीने दिलाच तर तो जाहिरातीच्या खात्यातून, आणि मग पडद्यावर तिचं बोधचिन्ह हाताएवढं नि तुमचं बोटाएवढं. नाहीतर तो जाणार तुमच्याच देणग्यांतून. पावतीपुस्तकं काढून बघा. ज्या पावतीवर 'अन्नदान' लिहिलंय तो पैसा मांडवाला लावता येणार नाही. हिशेब तपासताना मी असले गोंधळ दरवर्षी बघतो.

डेन्व्हरकर
आमच्या इथला, अमेरिकेतला किस्सा. वुंडेड वॉरियर प्रोजेक्ट ही जखमी सैनिकांसाठीची मोठी संस्था. 2014 मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर या पंचतारांकित हॉटेलात तिने कर्मचाऱ्यांचा मेळावा घेतला. जानेवारी 2016 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या, मार्चमध्ये सगळ्यात वरच्या दोघांना घरी पाठवलं. गंमत म्हणजे संचालक मंडळाने करवून घेतलेल्या तपासणीत त्या मेळाव्याचा खर्च बातम्यांतल्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला. उपयोग काय? देणग्या घसरायच्या त्या घसरल्याच. लोकांच्या डोळ्यांपुढे ते हॉटेलच राहिलं.

तांबडं फुटलं
मी अशाच एका वसतिगृहात सहावी ते दहावी काढली. आठवीत असताना आमच्या संस्थेचाही मोठा सोहळा झाला. महिनाभर स्वागतगीत घोटून घेतलं. नवा गणवेश मिळाला, त्या कोऱ्या कापडाचा वास जाऊ नये म्हणून मी तो नंतर कितीतरी दिवस धुतला नव्हता. पाहुणे अडीच तास उशिरा आले. आम्ही पुष्पगुच्छ घेऊन दोन रांगांत उभ्या. माझ्या गुच्छातल्या जरबेराने मान टाकली, तर बाईंनी खराट्याची काडी खुपसून ती ताठ केली. मग मला माइकवर बोलायला लावलं, "माझे आईवडील ऊस तोडतात." लोक रडले. जेवणात गुलाबजाम होते, मी सहा खाल्ले.

खोटं कशाला बोलू, मला तो दिवस आवडला होता. म्हणून मी सरसकट नको म्हणणार नाही. रोज वरण-भात खाणाऱ्या पोरांना एक दिवस मिरवायला मिळालं तर मीठभाकर, तुमचं काय बिघडतं?

फक्त, कार्यक्रम जानेवारीत होता. आई-बाबा तेव्हा सांगलीकडे फडात. मी ज्यांच्याबद्दल बोलत होते ती दोघं सोडून अख्खा तालुका तिथे होता. बालाघाट, तुमची तारीख कोणती?

बालाघाट
18 जानेवारी. प्रमुख पाहुण्यांना तेवढीच मोकळी आहे.

हिशेबनीस
म्हणजे ऐन हंगामात. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण तारीख हलवलीत तर पाहुणे जातील आणि पाहुण्यांमागे निम्मे देणगीदार. पुढच्या वर्षी किराणा कुठून आणणार, ते आत्ताच लिहून ठेवा.

मीठभाकर
जाऊ द्यात की पाहुणे.

बालाघाट
इतकं सोपं नाहीये ते. वाण्याची उधारी मलाच फेडायची असते.
रविवारी पुन्हा बैठक आहे. पाडव्यानंतरची तारीख मांडतो, लॉनऐवजी शाळेचं पटांगण. 62 पोरं, घरटी चार माणसं धरली तर अडीचशे पानं वाढतात. त्यात येण्याजाण्याचं भाडंही द्यावं लागेल काहींना, म्हणजे खर्च आणखी वर जाणार. ताळेबंद, हे 'अन्नदाना'त धरता येईल का?