भागून न बघता मूळ संख्या कशी ठरवतात

तुम्ही विचारलंत की आजवरच्या प्रचंड मूळ संख्यांसारख्या एवढ्या मोठ्या संख्येला कुणी एकेका संख्येनं भागून बघितलं का, तर नाही, ते शक्यच नाही. २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, त्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. अशा, म्हणजे २ चा घात वजा १ या रूपातल्या, मर्सेन संख्या मूळ आहेत का हे तपासायला लुकास-लेहमर टेस्ट आहे आणि मला ती फार म्हणजे फारच सुंदर वाटते. ३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, १४ आले. परत तेच केलं की १९४, ३१ नं भागून बाकी ८. या ८ वर परत केलं की ६२, बाकी ० आणि ३१ मूळ असल्याचं झालं सिद्ध! घातांकापेक्षा दोनच पायऱ्या कमी लागतात.

आणि त्या २०२४ च्या संख्येचा शेवटचा अंक तर तोंडी काढता येतो, घातांकाला ४ नं भागलं तर बाकी १ उरते म्हणून २ चा घात २ नं संपतो आणि वजा १ केल्यावर १. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर नुसते १३६२७९८४१ एक्के, शून्य एकही नाही.