क्रूझवर अनोळखी लोकांसोबत जेवणाचं टेबल: वेळ ठरावीक घ्यावी की मोकळी, टेबल केवढं मागावं?

निळाई
सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं आहे. आम्ही दोघं एका केबिनमध्ये आणि सासूबाई दुसऱ्या केबिनमध्ये, त्यामुळे बुकिंग नंबर दोन आहेत. मुख्य डायनिंग रूमसाठी लवकरची बैठक, उशिराची बैठक आणि मोकळी वेळ असे तीन पर्याय आहेत. शिवाय टेबल किती जणांचं हवं तेही विचारलंय. तिघांनाही नवीन माणसांशी गप्पा मारायला आवडतं, पण सातही संध्याकाळी त्याच मंडळींसमोर बसायचं आणि सूर जुळला नाही तर काय, ही धास्ती आहे. सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि शेंगदाणा व सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. कोणती वेळ घ्यावी, टेबल केवढं मागावं, पटलं नाही तर बदलून मिळतं का आणि ते कसं मागायचं? दुपारीही अनोळखी लोकांबरोबरच बसवतात का?

सुकाणू
सगळ्यात आधी दोन्ही बुकिंग नंबर जेवणासाठी एकमेकांना जोडून घ्या. केबिन शेजारी-शेजारी असल्या तरी डायनिंगच्या यादीत तुम्ही दोन वेगळ्या नोंदी असता. जोडणी झाली नाही तर सासूबाईंचं टेबल डायनिंग रूमच्या दुसऱ्या टोकाला येऊ शकतं, आणि ही रूम बऱ्याच मोठ्या जहाजांवर दोन-तीन मजल्यांची असते. ज्यांच्याकडून बुकिंग केलंत त्यांना 'जेवणासाठी एकत्र' असं स्पष्ट शब्दांत सांगा. केबिन जवळ हव्यात म्हणून केलेली नोंद पुरेशी आहे असं गृहीत धरू नका. मग दोन्ही बुकिंगवर बैठक आणि टेबलाचा आकार तंतोतंत सारखा आहे ना ते पाहा. एकावर लवकरची आणि दुसऱ्यावर मोकळी वेळ असेल तर जोडणीचा काही उपयोग होत नाही. दोन केबिन वेगवेगळ्या दर्जाच्या असतील तर आणखी एक गोष्ट तपासा, कारण काही जहाजांवर रेस्टॉरंटच केबिनवरून ठरतं. क्यूनार्ड कंपनीच्या जहाजांवर ग्रिल स्वीट, म्हणजे वरच्या दर्जाच्या केबिन, घेणारे क्वीन्स ग्रिल किंवा प्रिन्सेस ग्रिल या रेस्टॉरंटांत जेवतात, बाकीचे प्रवासी ब्रिटानिया रेस्टॉरंटात.

आता वेळ. लवकरची बैठक साधारण ५:३० ते ६ च्या दरम्यान आणि उशिराची ८ ते ८:३० च्या दरम्यान सुरू होते. दोन्हींत रोज तेच टेबल, तीच मंडळी, तोच वेटर आणि त्याचा तोच मदतनीस. जेवण दीड ते दोन तास चालतं. लवकरच्या बैठकीची अडचण बंदराच्या दिवशी जाणवते. सहल लांबली की केबिनमध्ये जाऊन हातपाय धुवायलाही वेळ उरत नाही. उशिराच्या बैठकीत डेझर्ट येईपर्यंत दहा वाजतात आणि लहान मुलं खुर्चीतच पेंगतात. थिएटरचे खेळ सहसा या दोन बैठकींना धरूनच लावलेले असतात, म्हणून ती चिंता नको.

मोकळ्या वेळेत रोज टेबल वेगळं, बहुधा वेटरही वेगळा. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० साली 'फ्रीस्टाइल' आणून ठरावीक बैठक काढूनच टाकली. इतर अनेक कंपन्यांनी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. डिस्नीची तऱ्हा निराळी: तिथे प्रवासी रोज रेस्टॉरंट बदलतात आणि वेटर त्यांच्याबरोबर फिरतात. मोकळ्या वेळेत ६:३० ते ७:३० ला दारात रांग लागते. तिथे 'टेबल शेअर करायला चालेल' असं सांगितलंत तर नंबर लवकर लागतो, कारण मोठ्या टेबलावरच्या दोन-तीन खुर्च्या भरायला त्यांना माणसं हवीच असतात.

तुमच्यासाठी ठरावीक बैठकच घ्या असं सांगेन, आणि त्याचं कारण गप्पा नाहीत, ॲलर्जी आहे. सात रात्री एकच वेटर असला की दुसऱ्या दिवसापासून त्याला सासूबाईंचं ताट पाठ होतं. वेळ त्यांच्या झोपेवरून ठरवा.

टेबल ८ जणांचं मागा. यावर मतभेद होतील, पण हिशेब बघा. दोघांच्या जोडप्याने ४ चं टेबल घेणं ही सगळ्यात मोठी जोखीम, कारण समोर एकच जोडपं असतं. त्यांच्याशी पटलं नाही तर तोंड वळवायला दुसरी बाजूच नाही, आणि एके रात्री ते आले नाहीत तर तुम्ही दोघंच. तुम्ही तिघं असल्यामुळे ४ चं टेबल बहुधा तुमचं एकट्याचंच होईल आणि नवीन माणसं भेटायचीच नाहीत. आठांत तुम्ही तिघं आणि आणखी पाच. दोन जण गप्प बसणारे निघाले तरी तीन उरतात, आणि कुणी एका रात्री दुसऱ्या रेस्टॉरंटला गेलं तरी टेबल ओस पडत नाही.

मधला_डेक
वर जे लिहिलंय त्यातलं बरंच पटतं, पण एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी ८ चं टेबल मी मागणार नाही. आठांचं गोल टेबल इतकं रुंद असतं की समोरच्याचं बोलणं डायनिंग रूमच्या गलक्यात विरून जातं, आणि लांबट असेल तर टोकाला बसलेल्याला दोनच शेजारी मिळतात. ६ चं गोल टेबल मागा. तीन अनोळखी माणसं पुरेशी आहेत आणि सगळ्यांचे ओठ दिसतात. कमी ऐकू येणाऱ्यांना त्याचा किती आधार असतो ते इतरांच्या लक्षात येत नाही.

टेबल कुठे आहे हेही आकाराइतकंच महत्त्वाचं. विनंतीत या गोष्टी लिहा: भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापासून आणि वेटरच्या भांड्यांच्या कपाटापासून दूर. त्या दोन्ही ठिकाणी ताटल्या-चमच्यांचा खणखणाट अखंड चालतो आणि श्रवणयंत्र असेल तर तोच आवाज सगळ्यात मोठा होऊन कानात येतो. मोकळ्या कठड्यालगतची किंवा मधल्या उंच छताखालची टेबलं दिसायला सुंदर, पण आवाज तिथेच जास्त घुमतो. बऱ्याच जहाजांवर डायनिंग रूम मागच्या टोकाला असते. तिथे प्रोपेलरची थरथर जाणवते आणि लाटांत वरखालीही जास्त होतं. पोट ढवळण्याची सवय असेल तर त्या रूममधल्या त्यातल्या त्यात खालच्या मजल्यावरचं, जहाजाच्या मध्याकडचं टेबल बरं.

पहिल्या रात्री वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. टेबल ठरलेलं असलं तरी त्यावरच्या खुर्च्या ठरलेल्या नसतात, आणि पहिल्या रात्री जो जिथे बसतो तिथेच बहुतेक शेवटपर्यंत बसतो. सासूबाईंना टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा, पाठ भिंतीकडे, म्हणजे सगळी मंडळी त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला येतील. गोल टेबल असेल तर त्यांच्या डाव्या हाताला तुम्ही बसा आणि उजव्या हाताला नवीन माणसं बसू द्या.

खारा_वारा
ॲलर्जीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सामायिक टेबलावर नेमकी इथेच गफलत होते.

बुकिंगवर नोंद आजच करा. विशेष आहारासाठी कंपन्या प्रवासाआधीची मुदत ठेवतात, ती काही ठिकाणी महिनाभर किंवा त्याहून जास्त आधीची असते. नोंद सासूबाईंच्या नावावर आणि त्यांच्याच बुकिंग नंबरवर हवी. तुमच्या नंबरवर केलीत तर ती त्यांच्या ताटापर्यंत पोहोचेलच असं नाही. आणि नुसतं 'चालत नाही' असं लिहू नका, 'ॲलर्जी' हाच शब्द वापरा. नावड आणि ॲलर्जी यांना स्वयंपाकघरात वेगळी वागणूक मिळते.

पण ती नोंद म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिल्या रात्री बसल्याबरोबर वेटरला आणि हेड वेटरला तोंडी सांगा. त्यानंतरची नेहमीची पद्धत अशी: डेझर्टच्या वेळी हेड वेटर दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड घेऊन येतो, त्यातले पदार्थ आदल्या रात्रीच निवडायचे, म्हणजे त्यांचं ताट वेगळं बनतं. तो स्वतःहून आला नाही तर मागा. ऐनवेळी मागितलेल्या बदलासाठी एकतर पाऊण तास थांबावं लागतं, नाहीतर सॉस नसलेलं सपक ताट समोर येतं.

आता जागेचा प्रश्न. वेटर ऑर्डर नावाने लिहून घेत नाही, खुर्चीच्या क्रमांकाने घेतो. एक खुर्ची पहिली धरून पुढे घड्याळाच्या दिशेने मोजत जातो. ताटं आणून ठेवणारा बऱ्याचदा मदतनीस असतो, तो त्याच क्रमाने वाटतो. म्हणून ऑर्डर दिल्यानंतर गप्पांच्या भरात जागा बदलू नका. एरवी अदलाबदल झाली तर हसून ताटं फिरवता येतात, ॲलर्जीत ते परवडत नाही. प्रत्येक वेळी ताट ठेवताना 'हे शेंगदाणा आणि सुका मेवा नसलेलं ना?' असं विचारा. ओशाळायचं काही कारण नाही, वेटरलाही तेच हवं असतं.

ब्रेडची टोपली सगळ्यांना मिळून एकच येते. त्यात अक्रोड किंवा बिया असलेला पाव असला की बाकीच्या पावांनाही त्याचे कण लागतात. सासूबाईंसाठी वेगळ्या बशीत पाव मागा. शेजारच्याने 'चाखून बघा' म्हणून डेझर्टचा चमचा पुढे केला तर काय, हेही आधीच बोलून ठेवा. टेबलावरच्या मंडळींना पहिल्याच रात्री एका वाक्यात ॲलर्जी सांगितली की हा प्रसंगच येत नाही.

निळाई
खूप उपयोगी. ६ चं गोल टेबल आणि लवकरची बैठक मागितली, पण लवकरच्या बैठकीसाठी 'प्रतीक्षा यादी' असं उत्तर आलं, तोवर उशिराची दिली आहे. आता काय? आणि टेबल बदलण्याचं राहिलंच.

सुकाणू
६ च्या टेबलाबद्दल मधला_डेक यांचं म्हणणं मान्य. ऐकू येण्याचा मुद्दा असेल तर आठाचा हिशेब चालत नाही.

प्रतीक्षा यादीने घाबरू नका. शेवटच्या काही आठवड्यांत रद्द होणाऱ्या बुकिंगमुळे जागा हलत राहतात. तोवर हातात असलेली उशिराची बैठक सोडू नका. जहाजावर चढलात की सामानाच्या आधी हे काम करा: चढण्याच्या दिवशी दुपारी डायनिंगचे बदल करून देणारं टेबल लावलेलं असतं, बहुधा डायनिंग रूमच्या दारातच. वेळ आणि जागा त्या दिवसाच्या पत्रकात किंवा ॲपवर दिलेली असते. मेटर-डी (डायनिंग रूमचा प्रमुख) किंवा त्याचा सहायक तिथे टेबलांचा नकाशा घेऊन बसतो. दोन्ही केबिन नंबर, 'तिघं, ६ चं गोल टेबल, भिंतीकडे, एकीला कमी ऐकू येतं, तिलाच ॲलर्जी' एवढं एका कागदावर लिहून न्या. मागे रांग असते, लिहिलेलं असलं की काही विसरत नाही. नवीन टेबल नंबर मिळाला की दोन्ही केबिनच्या नावे नोंदला गेला ना, ते तिथेच विचारा. केबिनच्या कार्डावर छापलेला जुना नंबर मग ग्राह्य नसतो.

पहिल्या रात्री अर्धं टेबल रिकामं दिसलं तर निराश होऊ नका. बरेच जण प्रवासाने दमलेले असतात आणि बुफेत खाऊन झोपतात. खरं चित्र दुसऱ्या रात्री दिसतं. दुसऱ्या रात्रीनंतरही नाहीच जमलं तर तिसऱ्या दिवशी दुपारी मेटर-डीला भेटा. टेबलावर, त्या मंडळींसमोर हा विषय काढायचा नाही, आणि वेटरकडेही तक्रार करायची नाही, कारण टेबल बदलणं त्याच्या हातात नसतं आणि त्याला उगाच आपली सेवा कमी पडली असं वाटतं. 'ऐकू येत नाही, शांत जागा हवी' एवढं कारण पुरेसं आहे. चौथ्या दिवसानंतर बदल मिळणं अवघड, तोवर मोकळ्या खुर्च्या संपलेल्या असतात. जमलं तर जुन्या मंडळींना वाटेत भेटल्यावर सांगा, नाहीतर ती दोन रात्री तुमची वाट पाहत बसतील.

वाट पाहण्याचा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. सामायिक टेबलावर स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट सगळ्यांना एकदम येतं. एक जण वीस मिनिटं उशिरा आला तर सहाही जणांचं जेवण लांबतं. एखाद्या रात्री दुसरीकडे जेवणार असाल तर आदल्या रात्री टेबलावरच्यांना आणि वेटरला सांगून ठेवा.

पैशांचं सोपं आहे. टेबल एक असलं तरी बिल एक नसतं, पेयं ज्याच्या-त्याच्या केबिनच्या कार्डावर जातात. वाइनची अख्खी बाटली मात्र ज्याने मागवली त्याच्याच कार्डावर पडते. म्हणून 'आज माझ्याकडून, उद्या तुमच्याकडून' हा प्रकार सुरू करण्याआधी सगळे पितात का, ते बघा. उरलेली बाटली केबिन नंबर लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवून देतात, त्यामुळे संपवायचा किंवा वाटायचा आग्रह नको.

मधला_डेक
दुपारबद्दल: समुद्रातल्या दिवशी मुख्य डायनिंग रूममध्ये नाश्ता आणि दुपारचं जेवण बहुतेक मोकळ्या बैठकीचं असतं, येतील तसे बसवतात. स्वतंत्र बसायचं असेल तर दारातच सांगा, टेबलापर्यंत नेल्यावर नको. आणि रात्रीची ॲलर्जीची नोंद दुपारच्या वेटरला माहीत असेल असं मुळीच धरू नका, तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

बुफेत साडेबारा ते दीड जागा मिळत नाही. सहा खुर्च्यांच्या टेबलावर दोघं बसलेले दिसले तर 'इथे बसलं तर चालेल?' असं सरळ विचारा, सगळेच विचारतात. तिघांपैकी एकाने जागेवर थांबायचं आणि दोघांनी आणायचं, कारण रिकामं टेबल दिसलं की कर्मचारी अर्धवट ताटही उचलून नेतात. जागा धरायला केबिनचं कार्ड ठेवू नका. तेच तुमच्या दाराची किल्ली आणि तुमचं खातं.

खारा_वारा
बुफेत सासूबाईंनी स्वतः वाढून घेऊ नये. एकाच चिमट्याने लोक दोन-तीन पदार्थ उचलतात. तिथल्या शेफला ॲलर्जी सांगितली की तो आतून वेगळं ताट आणून देतो, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आणि जेवायला बसण्याआधी तिघांनीही साबणाने हात धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर तो फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. मिठाची डबी, मेनूकार्ड, ब्रेडची टोपली या सगळ्यांच्या हातातून फिरणाऱ्या वस्तू आहेत. टेबलावरच्या कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्यांनी वैद्यकीय केंद्राला कळवणं आणि केबिनमध्ये थांबणं अपेक्षित असतं. त्या रात्री तुमच्या टेबलावरच्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर राग धरू नका.