मदत हवी आहे: पायाच्या नीलेतली झडप मॉडेलमध्ये बंद होत नाही

नमस्कार मंडळी, पायातलं रक्त हृदयाकडे वर कसं चढतं, हे मुलांना दाखवायला चालतं मॉडेल करायचंय. अडलंय ते झडपांपाशी.

हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, मिनिटाला सुमारे ५ लिटर. महारोहिणीत दाब १२० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, पण केशवाहिन्या ओलांडेपर्यंत जेमतेम १५ उरतो. शांत उभं राहिलं की घोट्याजवळच्या नीलेत वरच्या रक्ताच्या नुसत्या भारानेच ८०-९० दाब होतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडले की ते पुन्हा खाली येऊ न देणं हे झडपांचं काम. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून हा भाग नीट जमायलाच हवा.

सध्या मऊ पारदर्शक नळीत हातमोज्याच्या रबराचे दोन पडदे समोरासमोर चिकटवलेत. नळी दाबली की रंगीत पाणी वर जातं, सोडली की अर्धंअधिक परत येतं. पडदे भिंतीलाच चिकटून राहतात.

खऱ्या नीलेत झडपेमागे भिंत थोडी फुगीर असते. परतणारं रक्त त्या खोलगटात शिरतं आणि पडदे मध्यभागी आणून मिटवतं. सरळ नळीत हा फुगवटाच नाही, बहुधा तेच कारण. तो कसा आणावा? पडद्यांची लांबी व्यासाच्या किती पट ठेवावी? रबराऐवजी पातळ प्लास्टिक बरं पडेल का?