अनुभव धागा: पहिल्या नोकरीत नेमकं काय कामी आलं?

परवा भाचा जेवायला आला होता. मेकॅनिकलची डिग्री, पहिलीच नोकरी, रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे. आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "मावशी, काम येतं गं. पण साहेबांना 'झालं नाही' हे कसं सांगायचं तेच कळत नाही. दोन दिवस नुसतं तोंड चुकवतोय."

मी हसले खरी, पण मग माझी शाळा आठवली. कार्यानुभवाच्या तासाला सुतळीचं पायपुसणं करायचं होतं. माझं एका बाजूनं गोळा होत गेलं, म्हणून आईनं उसवून रात्रीत नवं विणून दिलं. मला 'अ' श्रेणी.

खरं शिकले ते कॉलनीच्या गणपतीत. बाराव्या वर्षी हातात वर्गणीचं पावतीपुस्तक आलं. "नंतर या" हे एकाच दारात चारदा ऐकायचं आणि पाचव्यांदा पुन्हा बेल वाजवायची. एका रात्री हिशेबात 11 रुपये कमी आले. मी पटकन म्हटलं, माझ्या खाऊचे घालते. मंडळाचे खजिनदार काका म्हणाले, "पैसे नकोत, चूक शोध." सगळ्या स्थळप्रती परत चाळल्या. 40 च्या जागी 51 लिहिलेली पावती सापडली तेव्हा साडेदहा वाजले होते.

तर लिहा. शाळेनं, घरानं, गल्लीनं कामासाठी काय दिलं आणि काय राहून गेलं?

कानसवाला

दहावीला 52 टक्के, म्हणून आयटीआय, फिटर ट्रेड. घरात सुतक असल्यासारखी शांतता. पहिले कित्येक आठवडे फक्त कानस. लोखंडाचा तुकडा व्हाईसमध्ये धरायचा आणि घासायचा, बाजू सपाट आणि कोपरा काटकोनात येईपर्यंत. तळहाताला फोड, फोडावर फोड. झालं असं वाटलं की जॉब घेऊन सरांकडे जायचं. सर बोलायचे नाहीत. जॉबला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचे, खिडकीकडे धरायचे आणि माझ्या हातात द्यायचे. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की मी गुपचूप परत व्हाईसपाशी. पुढे व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटर वाचायला शिकलो, पण ती उजेडाची रेघ अजून डोळ्यासमोर आहे. तिथं 'सर, साधारण बरोबर आहे' चालत नव्हतं.

मग 1961 च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून एका कारखान्यात. ड्रिलिंगचं सेटिंग चुकलं आणि लक्षात येईपर्यंत चाळीस नग गेले. शेजारचा जुना ऑपरेटर म्हणाला, "आत्ता सांग. शिव्या चाळीस नगांच्या खाशील. जेवणानंतर सांगितलंस तर चारशेच्या." सांगितलं. शिव्या खाल्ल्या. लॉट थांबला. आज माझ्या हाताखाली पोरं आहेत, त्यातली डिग्रीवाली जास्त लपवतात असं माझं मत आहे. राग मानू नका.

दूधवाली

आमच्या ओसरीवर गावाचं दूधसंकलन होतं. सातवीपासून सकाळी फॅट मशीन माझ्याकडे. कॅन यायचा, ढवळायचं, नमुना घ्यायचा, आकडा वाचायचा, चिठ्ठी फाडायची. फॅट कमी लागली की माणूस चिडायचा, कारण दर त्याच्यावरच. माझ्या आजोबांच्या वयाचे एक अण्णा एकदा म्हणाले, "पोरी, नीट बघ की जरा." वडील आतच होते, चहाची बशी वाजत होती, पण बाहेर आले नाहीत. मी नमुना परत लावला. तोच आकडा. चिठ्ठी दिली. अण्णा आठवडाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रिपोर्ट वाईट आला की लोक तसंच म्हणतात, नीट बघा की जरा. मी परत लावते.

निवृत्त_बाई

पायपुसण्याबद्दल शिक्षिकेच्या बाजूनं. कार्यानुभव शिक्षणावरच्या कोठारी आयोगाच्या शिफारशींतून आला. त्याआधी 1937 ला वर्ध्यात गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातूनच शिक्षण. आमच्या वर्गापर्यंत येता येता त्याचा 35 मिनिटांचा तास झाला, समोर 62 मुलं आणि कात्र्या सहा. एका वर्षी मी ठरवून स्वतःच्या हातानं केलेल्या वेड्यावाकड्या टोपलीला 'अ' दिला आणि घरून आलेल्या सुबक टोपलीला 'क'. दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना 'अ'. मीही 'झालं नाही' म्हणायला घाबरलेच की.

पाबळच्या_शेजारून

सगळ्या शाळा तशा नसतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं तयार केलेला कोर्स आमच्या शाळेत आठवी ते दहावी होता, आठवड्यातला एक दिवस. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणं. मी लावलेल्या स्विचबोर्डवर शाळेचा पंखा फिरायचा. पहिल्यांदा नाही फिरला. न्यूट्रल सुटली होती.

मधली_बहीण

घरच्या कामाला लोक सरसकट संस्कार म्हणतात म्हणून लिहिते. भाऊ मामाच्या गॅरेजमध्ये बसायचा, त्याला 'धंदा शिकतोय' म्हणायचे. मी पहाटे सात माणसांच्या भाकऱ्या थापायचे, त्याला काही म्हणत नसत. भाकऱ्यांनी वेळेचं नियोजन येतं वगैरे कृपा करून सांगू नका. मला आलं ते एवढंच, की कुणी सांगायच्या आत उठायचं आणि नाही म्हणायचं नाही. ऑफिसात पहिली सहा वर्षं सगळ्यांचे एक्सेल मीच पूर्ण करत होते. बढती शेजारच्याला मिळाली, त्याच्या कामातले निम्मे तक्ते माझे. हीसुद्धा घरानं करून घेतलेली तयारीच.

कानसवाला

ताई, हे पटलं. आमच्या घरीही बहिणीचं असंच झालं. विचारतो तिला आज.

स्टुटगार्टहून

इथं मुलाला नववीत आठवडाभर कुठंतरी खऱ्या कामाच्या ठिकाणी जायचं होतं. जागा ज्यानं त्यानं शोधायची. त्याला सायकलदुरुस्तीचं दुकान हवं होतं. मी फोन उचलला तर म्हणाला, बाबा, तुम्ही नाही करायचा. कागदावर चार वाक्यं लिहून स्वतः लावला. आवाज कापत होता, कान लाल. पहिल्या दुकानानं नाही म्हटलं, तिसऱ्यानं हो. आठवडाभर बहुतेक झाडू मारला आणि पंक्चर काढले, पण जेवणाच्या टेबलावर गिअरबद्दल असा बोलायचा की बस. पुढं कारागिरीकडे वळणारी मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत, अशी साधारण तीन वर्षं काढतात. पगार पहिल्या दिवसापासून.

पण फार हुरळून जाऊ नका. इथं चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या पोराचं काय कळतं? माझं तर तेव्हा पाढ्यांचंही कळलं नसतं.

साताऱ्याचा

वडील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'मधून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांचं कॉलेज, 1947 चं. सकाळी शेतात खुरपं, मग तास. पुढे क्लास वन अधिकारी झाले. बंगल्यावर माळी होता, तरी वाफे स्वतःच काढायचे आणि माळ्याला चुका दाखवायचे. माळी वैतागायचा.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. मधली_बहीण, तुमचं दोनदा. आमच्याकडे वर्गणीला मला पाठवलं, धाकटीला नाही. का, ते आईला विचारायला हवं होतं.

भाच्याला कानसवाल्यांचा 'चाळीस नग की चारशे' पाठवला होता. आत्ता उत्तर आलं: "सांगितलं. साहेब म्हणाले, हे सोमवारी का नाही बोललास? आता दोघं बसून करतोय. जेवायला उशीर होईल, आमटी ठेव."