‘मनोरुग्ण होता’ म्हटलं की विषय संपला?

खिडकीतली:
काल निवृत्त_गणित यांनी लिहिलं की हल्ली कुणीही उठून कुणालाही का मारतंय, याचं उत्तर एकच: जीवघेणी स्पर्धा. पहिलीपासून पोरांचे शर्यतीचे घोडे केलेत, मग घोडा लाथ मारणारच. उदाहरण स्वारगेटच्या बसचं, पुण्यात एसटीच्या ड्रायव्हरनं बस पळवून लोकांच्या अंगावर घातली ते. त्याखाली सहा जणांनी लिहिलं, स्पर्धाबिर्धा काही नाही, असले लोक मनोरुग्ण असतात, त्यांना मोकळं सोडतातच कशाला? तिथेच उत्तर लिहायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांतली त्याची सगळ्यात मोठी हिंसा म्हणजे एक रेडिओ. निवेदक सारखं आपलंच नाव घेतोय असं वाटून त्यानं तो जमिनीवर आपटला, आणि नंतर स्वतःच तुकडे गोळा करत रडत बसला. त्यानं मार मात्र दोनदा खाल्लाय. एकदा लोकांनी चोर समजून धुतला, एकदा कॉलनीतल्या पोरांनी गंमत म्हणून. 25 जानेवारी 2012 ला स्वारगेट घडलं. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात आईला थांबवून विचारलं, “तो गाडी वगैरे चालवत नाही ना?” भावाला सायकलसुद्धा येत नाही.

नऊ माणसं गेली त्या दिवशी. बचाव पक्षानं मनोविकाराचा मुद्दा लढवला, कोर्टानं तो मान्य केला नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची जन्मठेप केली, पण म्हणून कुणी त्याला वेडा ठरवून सोडून दिलेलं नाही. तरी आजही कुठे काही घडलं की चहाच्या टपरीवर निकाल तयार असतो: “डोक्यावर परिणाम झालेला असणार.” अमेरिकेत मनोविकार आणि हिंसेचा अभ्यास करणाऱ्या जेफ्री स्वॉनसन यांनी हिशेब मांडलाय. गंभीर मनोविकार उद्या जादूनं नाहीसे झाले, तरी हिंसा कमी होईल ती चारेक टक्के. उरलेली शहाण्यांची. त्या शहाण्यांना कुठे डांबायचं, तेही सांगा.

निवृत्त_गणित:
ताई, आपल्या बंधूंबद्दल वाचून वाईट वाटले. मी मनोरुग्णांविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही. खालच्या सहा जणांचा राग माझ्यावर काढू नये.

मी चौतीस वर्षे गणित शिकवले. सहामाहीच्या अर्ध्या गुणासाठी एक वडील माझ्या घरी आले होते, रात्री साडेनऊला, पावसात, मुलाला घेऊन. मुलगा दारात मान खाली घालून उभा. अर्ध्या तासात वडिलांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही, पेपरकडेच पाहत होते. गुरुग्रामचे प्रकरण आठवा, सप्टेंबर 2017. शाळेच्या स्वच्छतागृहात दुसरीतल्या मुलाचा गळा चिरला. सीबीआयने पकडले अकरावीतल्या मुलाला, आणि सीबीआयचे म्हणणे काय, तर परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून! याला स्पर्धा नाही तर काय म्हणायचे? आमच्या वेळी नापास झालेला मुलगा शेतावर जायचा. कोणाचा गळा चिरायला नाही.

जुनी_फाईल:
आमच्या वेळी! सर, तुमची वेळ म्हणजे पुण्यात जोशी-अभ्यंकर खून झाले तीच ना? जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून. करणारी मुलं कॉलेजातली, तीही चित्रकलेच्या. तिथे कसली आलीय जीवघेणी स्पर्धा, चित्रकलेला काही मेरिट लागायचं का? मनोरुग्णही नव्हती. 1983 मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. संध्याकाळी सातला दारं लावून घेणारं पुणे माझ्या आईनं पाहिलंय. बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचं, ही सवय तिला मरेपर्यंत होती.

खरा आजारी हवा असेल तर रामन राघव घ्या, मुंबई, साठचं दशक. फुटपाथवर झोपलेल्यांना मारत सुटला होता. आजार इतका पक्का निघाला की हायकोर्टानं 1987 मध्ये फाशीची जन्मठेप केली.

आणि एक गुरुग्रामबद्दल. हरियाणा पोलिसांनी आधी बसच्या कंडक्टरला पकडलं होतं आणि त्याच्या कबुलीसकट पेपरात छापून आणलं होतं. नंतर तो निर्दोष निघाला. तेव्हाही लोक म्हणाले होते, विकृत आहे, तोंडावरच दिसतंय. सीबीआयचा आरोप हा आरोप आहे सर, निकाल नाही.

वकिली सल्ला फुकट: ‘वेडा होता’ म्हणून सुटणं वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या दंड विधानातल्या कलम 84 नुसार, नव्या न्याय संहितेत ते 22 झालंय, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे आजारामुळे त्या क्षणी कळतच नव्हतं असं दाखवावं लागतं. नुसती डॉक्टरची फाईल दाखवून भागत नाही.

सातारी_कंदी:
सगळे कोर्ट-कचेरी आणि मेरिट घेऊन बसलेत. स्वारगेटचं खरं काय होतं? ड्युटी बदलून मागितली, मिळाली नाही. बास. यावर कुणी बोलणार आहे का?

माझे वडील ड्रायव्हर होते. कुठे ते लिहीत नाही, अजून पेन्शनची कामं अडकलीत. डबल ड्युटी, मग नाईट आऊट, म्हणजे बाहेरगावी मुक्काम. झोपायची खोली कसली, ढेकणांचं वसतिगृह. वडील गाडीतच मागच्या लांब सीटवर झोपायचे, पहाटे उठून तीच गाडी घेऊन परत. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा चार दिवस ड्युटी बदलून मागत होते. ड्युटी लावणारा म्हणाला, “तुमची आई काय आज पहिल्यांदा आजारी पडली का?” वडील घरी आले, जेवले नाहीत, अंगणातल्या पेरूच्या झाडाला लाथा घातल्या. झाडाला. आम्ही भावंडं दाराआडून बघत होतो. आता सांगा, वडील मनोरुग्ण का स्पर्धेचे बळी? दमलेले होते हो.

बाणेरचा_बोका:
सहानुभूती आहे, पण हे लॉजिक धोक्याचं आहे. नकार सगळ्यांना मिळतो. मला दोन वर्षं प्रमोशन नाही, मी काय ऑफिसची कॅब लोकांच्या अंगावर घालू? हजारो ड्रायव्हरना ड्युटी नाकारली गेली असेल, बस एकानंच पळवली. म्हणजे फरक त्या एकात आहे. हा तुमचा ‘दमलेला होता’ प्रकार म्हणजे गुन्हेगाराला पदराखाली घेणं झालं.

सातारी_कंदी:
पदराखाली कोण घेतंय? झाडाला लाथ मारणारा आणि माणसावर गाडी घालणारा यातला फरक मला शिकवू नका, मी त्या घरात वाढलोय. एसीत बसून प्रमोशनचं रडगाणं गाणाऱ्याला नाईट आऊटचा वास तरी माहीत आहे का?

बाणेरचा_बोका:
झालं, आले एसीवर. गरीब तो खरा, बाकी सगळे खोटे. चालू द्या.

घाटवाट:
ड्युटीचं निघालंच आहे तर, माझा मामेभाऊ रात्रीचा माल नेतो, नाशिक-मुंबई. सलग अठरा तास. डोळ्याला पाणी लावायचं, तंबाखू लावायची, निघायचं. अपघात झाला की पेपरात ‘चालकाचा ताबा सुटला’. ताबा कुणाचा होता ते कुणी विचारत नाही.

सातारी_कंदी:
ताबा सुटला! हेच, हेच वाक्य. पेपरवाल्यांकडे याचा शिक्का असणार.

घाटवाट:
शिवाय मालक फोनवर. “कुठं पोचला, कुठं पोचला.” फोन उचलला नाही तर ट्रिपचे पैसे कापतो.

जुनी_फाईल:
मोटार कामगार कायदा होता 1961 चा, 2025 पर्यंत. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. वाचून हसा.

खिडकीतली:
धागा कुठे होता, कुठे आलाय! चालकांच्या तासांवर वेगळा धागा काढा ना, मी पहिली येईन. इथे प्रश्न असा होता की बेछूट हिंसेला आजाराचं नाव देऊन आपण मोकळे का होतो.

सातारी_कंदी:
वेगळा धागा काढला की कुणी येत नाही, ताई. तुम्हीसुद्धा.

तोक्योकर:
तोक्योत बारा वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. स्वारगेटचा विषय निघाला की मला इथला बाजाराचा भाग, अकिहाबारा, आठवतो. 8 जून 2008, रविवार, वाहनांना बंद केलेला रस्ता. भाड्याचा ट्रक गर्दीत घातला, मग उतरून सुरा चालवला. सात ठार. करणारा पंचवीस वर्षांचा, कंत्राटी कामगार, गाड्यांच्या कारखान्यात. काही दिवस आधी कामाचा पोशाख जागेवर सापडला नाही, याला वाटलं काढून टाकलं, तो तिथून तरातरा निघूनच गेला.

निवृत्त_गणित सर खूश होतील: शाळा नामांकित, आईचा अभ्यासाचा धाक भयंकर, पुढे घसरण. लगेच इथल्या पेपरांनी स्पर्धा, कंत्राटी पद्धत, एकटेपणा यांचे रकाने भरले. सातारीभाऊही खूश होतील. पण त्यानं कोर्टात सांगितलेलं कारण तिसरंच. मोबाइलवर ज्या चर्चेत तो लिहायचा, तिथे कुणीतरी त्याच्या नावानं लिहून त्याला छळत होतं, त्यांना धडा शिकवायचा होता. तपासणीत आजारी नाही, पूर्ण जबाबदार ठरला. 2022 च्या जुलैमध्ये फाशी.

तेव्हा इथे एकमेकांचे डोळे काढताना जरा बेतानं.

बाणेरचा_बोका:
म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी उद्या ट्रक भाड्यानं घेणार असं म्हणायचंय का तुम्हाला?

तोक्योकर:
तुम्ही नाही. तुम्हाला प्रमोशन मिळेल.

निवृत्त_गणित:
मी खूश वगैरे झालेलो नाही. माझा मुद्दा मात्र त्यातून सिद्धच होतो, आईचा धाक आणि घसरण.

खिडकीतली:
सर, स्पर्धेनं माणसं मरतात, हे मी नाकारतच नाही. फक्त स्पर्धा कोणाला मारते ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदीत 2022 सालात 13,044 विद्यार्थी आहेत, आत्महत्या केलेले. तुमचा घोडा लाथ मारतो, ती बहुतेक वेळा स्वतःलाच. दुसऱ्याचा गळा चिरणारा एखादा, त्याच्यावर आपण दहा वर्षं बोलतो. हे तेरा हजार मात्र पेपरात दोन ओळींत, ‘नैराश्यातून’. नैराश्यावर उपचार असतो, हे त्या दोन ओळींत कधी येत नाही. भावाला आम्ही पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं ते तीन वर्षांनी. त्याआधी एक बाबा, दोन गंडे आणि एका नातेवाइकांचा सल्ला: लग्न करून द्या, सुधारेल.

आणि बोका, तुमच्या एका वाक्याशी, फक्त एका, मी सहमत आहे. बस एकानंच पळवली. पण ‘फरक त्या एकात आहे’ म्हणून गप्प बसायचं, की त्याला ड्युटी नाकारणाऱ्या टेबलावर जाऊन बघायचं? तो फरक आजाराचा होता असं कोर्टही म्हणालं नाही. मग कशाचा? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असल्यासारखं तुम्ही लिहिता, त्याचा मला राग येतो.

बाणेरचा_बोका:
टेबलावर जाऊन बघा की, मी कुठे अडवलंय? आणि ‘मोकळं सोडू नका’ असं मी कधीच लिहिलं नव्हतं. ते सहा जण वेगळे. माझ्या आत्यालाही गोळ्या चालू आहेत. घरात बोलत नाही आम्ही त्याबद्दल, इथे पहिल्यांदाच लिहितोय.

निवृत्त_गणित:
तेरा हजारांचा आकडा मला माहीत नव्हता. स्वीकारतो. ‘आमच्या वेळी’ हे शब्दही मागे घेतो, वकीलसाहेबांना आनंद होऊ दे. त्या अर्ध्या गुणाच्या मुलाचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही, पण त्या रात्री मी त्याला तो अर्धा गुण दिला होता. उत्तर चुकलेले असूनही. ते बरोबर केले की चूक, हे अजून ठरत नाही.

जुनी_फाईल:
आनंद झाला. पावती पाठवतो.

सातारी_कंदी:
सर, त्या मुलाला विचारलं होतं का, त्याला तो अर्धा मार्क हवा होता का ते?

जाऊ दे. वडिलांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, पेरूचं झाड लिहायचं काय कारण होतं?